शाल्मलीचे अकरा तास

"मजकूर मी करून आणलाय, ताई. तुला काही करायचं नाही. फक्त सही."

श्रीरंगनं कागद माझ्यासमोर ठेवला आणि त्यावर स्वतःचं पेन ठेवलं. माझ्या दवाखान्यात, माझ्या टेबलावर, माझी तीन पेनं पडलेली असताना. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको मंगल मांडीवर डबा घेऊन बसली होती. नवरात्र नुकतंच संपलं होतं, म्हणजे डब्यात कडाकण्या असणार. शनिवार होता, एक वाजून गेला होता आणि मला सपाटून भूक लागली होती. भुकेच्या वेळी माझ्याकडे काही मागायला येऊ नये, हे ओहायोतल्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. श्रीरंगलाही ठाऊक होतं. म्हणून तर डबा.

मी चष्मा लावला आणि कागद वाचला. वर माझ्या दवाखान्याचं नाव, पत्ता. खाली इंग्रजीत असं की, मी डॉक्टर कुंदा शिराळकर, बालरोगतज्ज्ञ, लिहून देते की कुमारी शाल्मली चौगुले हिनं जून ते ऑक्टोबर या काळात माझ्यासोबत दीडशे तास राहून रुग्णांची तपासणी जवळून पाहिली. पुढं ती किती कष्टाळू, किती मायाळू, तिला पाहून मुलं रडायची कशी थांबतात, वगैरे.

"दीडशे?" मी म्हटलं.

"हं."

"अरे, ती चार शनिवार आली. तीन, तीन, तीन आणि शेवटच्या वेळी दोन. अकरा तास झाले."

"आली असती गं ताई," मंगल म्हणाली. "शनिवारीच नेमका परीक्षेचा क्लास लागला. मग काय करणार?"

"मी कुठं काय म्हणतेय? पण अकराचे दीडशे कसे झाले?"

"सगळे तेवढेच लिहितात," श्रीरंग म्हणाला. "शंभराच्या आत आकडा दिसला की अर्ज बाजूला टाकतात. मला दोघातिघांनी सांगितलंय. कंप्यूटरवर फॉर्म भरताना तिथं आकडा घालावाच लागतो. मी दीडशे घातला. आता तुझं पत्र त्याला जुळायला नको का?"

"तू घातलास? फॉर्म तू भरलास?"

"तिला वेळ कुठाय? तिनं निबंध लिहिले तेवढे पुष्कळ झाले."

"शाल्मलीला माहीत आहे हे?"

"तिला काय विचारायचंय त्यात?" श्रीरंगनं असं काही तोंड केलं, की प्रश्न विचारून मीच वेडी ठरले.

श्रीरंग माझा सख्खा भाऊ नव्हे. त्याची थोरली बहीण विजया आणि मी कोल्हापुरात एका बाकावर बसायचो. हा तेव्हा अर्ध्या चड्डीत, विजयाचं शेपूट. तेव्हापासून मी त्याची ताई. पुढं तो टायर कंपनीत नोकरी धरून नेमका आमच्याच गावात आला, तेव्हा त्याला घर मी बघून दिलं, गाडी चालवायला माझ्या नवऱ्यानं शिकवलं, आणि शाल्मली झाली तेव्हा तिला हातात घेऊन पहिल्यांदा तपासली ती मी. ती मला आत्या म्हणायची. त्या गावात मराठी घरं सहा. एकमेकांना नाही म्हणायची सोय नव्हती.

अर्ज कसला होता ते सांगते. इथं डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी चार वर्षं कॉलेज, मग पुन्हा परीक्षा, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती, आणि एवढं करून मेडिकलला जागा मिळेलच असं नाही. पण काही मोजक्या विद्यापीठांत एक सोय असते. बारावीतूनच दोन्हींना एकदम प्रवेश. सात वर्षांचा कोर्स, मधे कसली भानगड नाही. अमेरिकन लोकांना हे जरा चमत्कारिक वाटतं. सतराव्या वर्षी कुणाला काय कळतं, असं ते म्हणतात. आपल्या लोकांना मात्र ते चटकन पटतं, कारण आपल्याकडं तसंच असतं. मी स्वतः सतराव्या वर्षी मिरजेला मेडिकलला गेले. आमच्यापासून पाच तासांवर एका विद्यापीठात असा कोर्स होता. जागा छत्तीस, अर्ज हजारावर. श्रीरंगनं त्या छत्तिसांचा ध्यास घेतला होता. ऑफिसातल्या माणसांशी बोलतानाही म्हणे तो फिरून फिरून तिथंच यायचा.

आणि शाल्मलीला डॉक्टर व्हायचं होतं का? व्हायचं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. त्या चार शनिवारांत ती कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसायची आणि मधे एक अक्षर बोलायची नाही. एक वाजता दार बंद झालं की मग विचारायची. त्या बाळाचं डोकं का मोजलं? त्या आईला तू बाहेर बोलावून काय सांगितलंस? तो मुलगा बोलत का नव्हता? माझ्याकडं शिकायला येणारी मोठी पोरंसुद्धा असं विचारत नाहीत. शेवटच्या शनिवारी तिचा बाप तिला मधूनच क्लासला न्यायला आला, तेव्हा ती उठेना. "बाबा, दहा मिनिटं," म्हणाली. त्यानं गाडीचा हॉर्न वाजवला. मग गेली.

म्हणजे पोरगी गुणाची होती. पत्रातली सगळी वाक्यं खरी होती. खोटा होता तो फक्त आकडा.

आता आमच्या बापूंबद्दल सांगायला हवं. बापू कोल्हापुरात जनावरांचे डॉक्टर होते, सरकारी नोकरीत, गॅझेटेड. गल्लीत एक गॅझेटेड ऑफिसर असला की काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. जून उजाडला की आमच्या दारात रांग. कुणाला गुणपत्रिकेच्या नकलेवर सही हवी, कुणाला चारित्र्याचा दाखला. 'मी यांस गेली पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो. यांची वर्तणूक चांगली आहे.' बापू दाढी करता करता सही करायचे. मूळ कागद दाखव म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटेल म्हणून तोही मागायचे नाहीत. एकदा पाच वर्षं ओळखीचा म्हणून ज्याला दाखला दिला, तो मुलगा आदल्या महिन्यात गल्लीत राहायला आला होता. आई म्हणाली, "अहो, नाव तरी विचारलंत का त्याचं?" बापू म्हणाले, "कागदावर आहे की." त्यातल्या कुणाचं काही वाकडं झालं नाही. पोरं नोकऱ्यांना लागली, पेढे ठेवून गेली. सही म्हणजे माया, एवढंच मी त्या घरात शिकले होते.

"ताई, तुझ्या मनात नसेल तर राहू दे," मंगल म्हणाली आणि डबा पुढं सरकवला.

"गप बस. मनात नाही म्हणून कोण म्हणालं?"

मी सही केली. माझ्या पेनानं केली, एवढाच काय तो माझा ताठा. मग आम्ही तिघांनी तिथंच कडाकण्या खाल्ल्या. श्रीरंगनं पत्र पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि जाताना वाकून माझ्या पाया पडला. मी त्याला "चल ऊठ, नाटकं नकोत" म्हटलं, पण मला बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत शाल्मलीला मुलाखतीचं बोलावणं आलं. हजारातून सव्वाशे मुलांना बोलावलं होतं. श्रीरंग तिला गाडीनं घेऊन गेला, रात्रभर तिथल्या हॉटेलात राहिले, दुसऱ्या दिवशी मुलाखत, संध्याकाळी परत. मंगलनं मला फोन केला. "कशी झाली ते सांगतच नाही गं. चांगली झाली म्हणते आणि खोलीत जाते."

"दमली असेल. दोन दिवस तिला काही विचारू नका," मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी मी एका दोन वर्षांच्या मुलाचा कान बघत होते. पोर माझ्या हाताला लाथा मारत होतं. आमच्या रिसेप्शनवरच्या बाईनं दारातून सांगितलं की विद्यापीठातून फोन आहे, शाल्मली चौगुलेबद्दल. मी पोराला आईच्या मांडीवर दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन फोन घेतला.

पलीकडून एक बाई बोलत होत्या. आवाज शांत, अगदी सभ्य. म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची दोनच मिनिटं घेते. तुमच्या पत्रात या विद्यार्थिनीनं तुमच्याकडं दीडशे तास काढले असं आहे. तो आकडा बरोबर आहे का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. माझ्या मनात एवढंच आलं की हे लोक पडताळा घेताहेत, सगळ्यांचाच घेत असतील. आता मी अकरा म्हटलं, तर पोरगी खोटी ठरेल. सतरा वर्षांची पोर. तिच्या बापाच्या फॉर्मवर दीडशे, माझ्या पत्रात दीडशे.

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे."

"तुम्ही पत्र पाठवण्याआधी वाचलं होतं ना? कधीकधी डॉक्टरांना वेळ नसतो, कुणीतरी टाइप करून आणतं आणि सही होऊन जाते. आम्ही समजू शकतो."

मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि खरं बोलणाऱ्या माणसावर आला तर जास्त येतो. "मी सही करते ती वाचूनच करते," मी म्हटलं.

"आकडा चुकून पडला असेल, अशी काही शक्यता?"

"नाही."

"ठीक आहे, डॉक्टर. आभारी आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी परत येऊन त्या मुलाचा कान बघितला. आत लाल झालेलं होतं. औषध लिहून दिलं. माझा हात स्थिर होता. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होते. संध्याकाळी श्रीरंगला फोन करून सांगितलं.

"काय सांगतेस? फोन आला?" त्याचा आवाज चिरकला. "मग काय म्हणालीस?"

"दीडशे म्हणाले. आणि काय म्हणणार?"

तो म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून." आणि थोड्या वेळानं, "शाल्मलीला सांगू नको हं. उगीच घाबरायची."

नाही सांगितलं.

एक एप्रिलला उत्तर आलं. नाही. प्रतीक्षायादीतही नाव नाही. श्रीरंग दोन दिवस ऑफिसला गेला नाही. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तो सोफ्यावर बसून, ज्यांना प्रवेश मिळाला त्या पोरांची नावं मला ऐकवत होता. कुणाचे मार्क शाल्मलीपेक्षा कमी, कुणाचा बाप तिथंच प्राध्यापक. मंगल स्वयंपाकघरात होती, डोळे सुजलेले. शाल्मलीनं मला चहा आणून दिला. तिचा चेहरा कोरडा होता.

"राज्याच्या विद्यापीठात जाईन, आत्या," ती म्हणाली. "तिथं मिळालंय. मग चार वर्षांनी पुन्हा अर्ज करता येतो."

"येतो की. मोठ्या रस्त्यानं जायचं, एवढंच," मी म्हटलं.

"चार वर्षं," श्रीरंग सोफ्यावरून म्हणाला. "चार वर्षं आणि मग पुन्हा हेच सगळं."

तो प्रवेश न मिळण्याचं कारण काय, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. अशी पत्रं कारण सांगत नाहीत. छत्तीस जागा आणि हजार मुलं म्हटल्यावर कारण लागतंच असं नाही. मीही तेच समजून होते.

मे महिन्यात एका शनिवारी, एक वाजायच्या सुमाराला शाल्मली दवाखान्यात आली. नुकतंच तिला गाडीचं लायसन्स मिळालं होतं, एकटीच आली होती. आमची बाई आवरून निघाली होती. शाल्मली माझ्या खोलीत आली आणि कोपऱ्यातलं स्टूल सोडून पेशंटच्या आईबापांच्या खुर्चीत बसली.

"आत्या, एक विचारू?"

"विचार. तुला कधी परवानगी लागली?"

"त्यांनी तुला फोन केला होता का? विद्यापीठातून. फेब्रुवारीत."

मला वाटलं बापानं तोंड उघडलं. "श्रीरंगनं सांगितलं का तुला?"

"बाबांना काय माहीत?" ती म्हणाली. "बाबांना मी काहीच सांगितलं नाहीये. प्रॉमिस कर, तूही सांगायचं नाहीस."

"बरं. बोल."

तिचं मराठी चांगलं होतं, पण अवघड काही सांगायचं असलं की ती शब्द शोधत, एकेक वाक्य करून बोलायची. "आम्ही गाडीतून जात होतो ना, तेव्हा बाबांनी मला फॉर्मची प्रिंट दिली. वाचून ठेव, म्हणाले, यातलंच विचारतील. मी वाचली. तिथं एकशे पन्नास तास. मी बाबांना म्हटलं, हे चुकीचंय, मी अकरा तास गेले होते. ते म्हणाले, आत्यानं सही केलीय, म्हणजे आता ते बरोबर आहे."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी खूप भांडले. त्यांनी गाडी बाजूला थांबवली. ते रडायला लागले, आत्या. मी बाबांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मग मी गप्प बसले. पण दुसऱ्या दिवशी मुलाखतीत त्यांनी तेच विचारलं. दीडशे तासांत काय बघितलंस, ते सांग. मी सांगितलं, दीडशे नाही, अकरा. फॉर्म माझ्या बाबांनी भरला, तो मी नीट वाचला नाही, ती माझी चूक आहे. ते म्हणाले, पण डॉक्टरांच्या पत्रातही दीडशेच आहे."

"मग?"

"मग मी म्हटलं, आत्यानं ते न वाचता सही केली असणार. ती खूप कामात असते. तिला फोन करा. ती खरं सांगेल."

बाहेर वेटिंगरूममध्ये आमची बाई दिवा बंद करून गेली. पार्किंगमधून तिची गाडी निघाल्याचा आवाज आला.

"तुला असं का वाटलं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"तू सांगतेस ना, म्हणून. तो एक मुलगा होता, पहिल्या शनिवारी. इंजेक्शनला घाबरला होता. त्याची आई म्हणत होती, काही दुखणार नाही, काही दुखणार नाही. तू तिला थांबवलंस. तू त्याला म्हणालीस, दुखेल. पाच आकडे मोजेपर्यंत दुखेल, मग थांबेल. आणि तो मुलगा रडलाच नाही. मोजत बसला. मी हे वहीत लिहून ठेवलंय. मुलाखतीत मी त्यांना हेच सांगितलं. म्हटलं, ती लहान मुलांशीसुद्धा खोटं बोलत नाही."

तो मुलगा मला आठवत नव्हता. अजून आठवत नाही. असं मी रोज कुणाला ना कुणाला म्हणते.

"मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, आम्ही डॉक्टरांना विचारतो. चांगल्या होत्या त्या. म्हणून मला वाटलं होतं की होईल. मग नाही आलं. मग मी विचार केला, त्यांनी फोन केलाच नसेल. विसरले असतील, नाहीतर तू फोनवर सापडली नसशील. मला फक्त तेवढंच माहीत करून घ्यायचंय. फोन केला होता का?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. नाही बाळा, नाही आला फोन. असतात अशी बेजबाबदार माणसं. मग मी तिला जवळ घेतलं असतं, ती थोडी रडली असती आणि घरी गेली असती. तिचंही समाधान झालं असतं आणि माझंही. मला त्या बाईंचे प्रश्न एकेक करून आठवत होते. पत्र वाचलं होतं ना? आकडा चुकून पडला असेल का? आम्ही समजू शकतो. त्या मला एकेक दार उघडून देत होत्या, पोरीला आत येऊ दे म्हणून, आणि मी प्रत्येक दार धाडकन लावत होते.

"आला होता," मी म्हटलं.

तिनं मान वर केली.

"मी दीडशे म्हणाले. त्यांनी विचारलं, पत्र वाचलं होतं का? मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, चूक झाली असेल का? मी म्हटलं, नाही."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"का?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी. मला वाटलं अकरा म्हटलं तर तू खोटी ठरशील."

"पण मी तर खरं सांगितलं होतं."

"मला काय माहीत, शाल्मली?"

"तू मला विचारायचंस."

एवढंच म्हणाली ती. तिच्या जन्मापासून मी तिला ओळखत होते, आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं की या पोरीला विचारावं. श्रीरंगला विचारलं होतं, की तिला माहीत आहे का. तिला नाही विचारलं. मला लाज वाटली. साठीला आलेल्या बाईला सतरा वर्षांच्या पोरीसमोर जशी वाटावी तशीच वाटली, आणि ती लपवायला माझ्याकडं काही नव्हतं.

"मी त्यांना पत्र लिहिते," मी म्हटलं. "आजच लिहिते. सगळं खरं लिहिते."

"आता मे चालू आहे, आत्या. जागा भरल्या."

"तरी लिहिते."

"लिही," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी नको लिहू."

ती उठली. खुर्ची नीट आत सरकवली. दारात थांबून म्हणाली, "बाबांना नको सांगू हं. त्यांना वाटेल मी त्यांचं नाव सांगितलं." आणि गेली.

मी ते पत्र लिहिलं. सोमवारी पोस्टात टाकलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, पत्र मिळालं, अर्जाच्या कागदांत जोडून ठेवलं आहे. तो अर्ज तेव्हा बंद झालेला होता.

श्रीरंगला मी काही सांगितलं नाही, कारण तिनं नको म्हटलं होतं. त्यामुळे झालं असं, की त्या घरात माझा मान आणखी वाढला. गणपतीला आरतीचं ताट पहिल्यांदा माझ्या हातात. कुणी नवीन मराठी कुटुंब गावात आलं की श्रीरंग माझी ओळख करून देताना म्हणायचा, "आमच्या ताईनं त्या लोकांना फोनवर ठणकावून सांगितलं होतं. शब्द फिरवला नाही." शाल्मली तिथं असली तर पाण्याचे पेले गोळा करत आत जायची. माझ्याशी ती वाईट कधी वागली नाही. वाढदिवसाला फोन करायची, सुट्टीत आली की भेटून जायची. दवाखान्यात मात्र आली नाही.

चार वर्षांनी तिनं मेडिकलला अर्ज केले. ऑगस्टमध्ये श्रीरंगचा फोन आला.

"ताई, पुन्हा तुझं एक पत्र लागणार. या वेळी तूच लिही बाई, तुला हवं तसं. मी मधे पडत नाही."

"शाल्मलीला मला फोन करायला सांग."

"तिला कशाला? मी सांगतोय ना."

"श्रीरंग, तिला सांग. ती म्हणेल ते लिहीन, ती म्हणेल तेवढंच लिहीन. पण तिनं विचारायला हवं."

"बरं बाई," तो म्हणाला.

महिनाभर मी वाट बघितली. दुपारी आतला फोन वाजला की पेशंट सोडून उठायचे. एकदा तर आमची बाई म्हणाली, डॉक्टर, मी घेते ना फोन, तुम्ही का धावता? शाल्मलीचा फोन आला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी श्रीरंगच आला, घरी. जरा चिडलेला होता.

"तिनं दुसऱ्याच कुणाचं तरी पत्र घेतलं," तो म्हणाला. "तिथं म्हाताऱ्या माणसांचं एक केंद्र आहे, तिथं ती दोन वर्षं शनिवार-रविवार जायची. तिथल्या नर्सचं. डॉक्टरसुद्धा नाही गं, नर्स. घरात आत्या डॉक्टर असताना."

"काय लिहिलंय नर्सनं?"

"काय लिहिलंय! किती दिवस आली, काय काय केलं, कुणाला जेवण भरवलं, सगळं तारीखवार. आणि खाली काय, तर ती नऊ वेळा उशिरा आली. नऊ वेळा! असं कुणी लिहितं का पोरीच्या अर्जात?"

"शाल्मलीनं वाचलंय का ते?"

"तिनंच तर मला दाखवलं," श्रीरंग म्हणाला. "वर हसत होती. मी म्हटलं, अगं, हे काढून टाकायला सांग त्या बाईला. तर म्हणते, नाही बाबा, दहा वेळा झालं होतं, एक त्या विसरल्यात, तेवढं मी त्यांना सांगणार आहे."